टिपरचा ऑटोमॅटिक बॉक्स खोलायच्या आधी सी-३ क्लच आणि कूलर बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तळोज्यात सेकंडहँड घेतलेला तीन ॲक्सलचा टिपर, ॲलिसन ३००० चा सहा गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स, पनवेलकडची खडी शिळफाटा आणि मुंब्रा बायपासवरून घोडबंदरला टाकायची. तिसऱ्यात आणि पाचव्यात इंजिन ओरडतं पण गाडी उचलत नाही, रिव्हर्स टाकल्यावर जरा थांबून लागतो, ऑइलला जळका वास, स्कॅनरवर पी०७३३ आणि पी०७३५, म्हणजे तिसऱ्या आणि पाचव्या गिअरचं गुणोत्तर चुकल्याचे कोड. गॅरेजवाला म्हणतोय, पूर्ण खोलून 'हेवी ड्यूटी' करून देतो. त्यात नक्की काय घालायचं, की सरळ मॅन्युअल बसवायचा, हे तुम्हाला हवंय.

दुसरा आणि चौथा ठणठणीत आहेत हे तुम्ही आवर्जून लिहिलंत ते फार बरं झालं. या बॉक्सला सी-१ ते सी-५ असे पाच क्लच पॅक (फायबर आणि स्टीलच्या प्लेटांच्या थप्प्या) असतात आणि कुठलाही गिअर लागायला त्यातले दोन धरावे लागतात. पहिल्याला सी-१ नि सी-५, दुसऱ्याला सी-१ नि सी-४, तिसऱ्याला सी-१ नि सी-३, चौथ्याला सी-१ नि सी-२. पाचव्यात सी-२ बरोबर सी-३, सहाव्यात सी-२ बरोबर सी-४. रिव्हर्सला सी-३ आणि सी-५. आता तुमचे आजारी गिअर बघा: तिसरा, पाचवा, रिव्हर्स. तिघांत सामाईक एकच, सी-३. सी-१ गेला असता तर पहिला-दुसराही रडला असता. स्पीड सेन्सरची भानगड असती तर तक्रार नेमकी याच गिअरांपुरती राहिली नसती.

तुमच्या कामात सी-३ च आधी का जातो, हे गॅरेजवाले सहसा सांगत नाहीत. न्यूट्रलमध्ये सी-५ आधीच धरलेला असतो. रिव्हर्स टाकला की सगळा भार घेत येतो तो सी-३. खदानीत लोडरखाली गाडी लावताना ड्रायव्हर काय करतो? गाडी पुढे रेंगाळत असतानाच आर (रिव्हर्स) दाबतो आणि वर ॲक्सिलरेटर देतो. वेग जास्त असेल तर कॉम्प्युटर रिव्हर्स देत नाही, पण मुंगीच्या पावलांनी सरकत असेल तर देतो. म्हणजे भरलेली गाडी थांबवून उलटी काढायचं काम ब्रेकऐवजी सी-३ च्या प्लेटा करतात. दिवसभर हेच.

तरी बॉक्स उतरवायच्या आधी तीन गोष्टी बघा. त्याला पैसे लागत नाहीत.

पहिली, ऑइलची लेव्हल. सपाट जागा, हँडब्रेक, न्यूट्रल, इंजिन आयडलवर, ऑइल गरम. मग पुश बटण सिलेक्टरवरचे वर-खाली बाण एकत्र दाबा आणि दोनेक मिनिटं थांबा. ओके आलं तर ठीक. एलओ आणि पुढे २ आलं तर दोन क्वार्ट कमी, एचआय आलं तर जास्त. क्वार्ट म्हणजे जवळपास लिटरच. कमी ऑइलवर चढाला पंप हवा ओढतो हे सगळ्यांना कळतं, पण जास्त भरलं तरी तेच होतं: फिरते भाग ऑइल घुसळतात, फेस होतो, प्रेशर पडतं. 'थोडं जास्त असलेलं बरं' हा हिशेब इथे चालत नाही. दुसरी, वायरिंग. उरण-जेएनपीए पट्ट्यात वावरलेल्या गाड्यांच्या कपलरमधल्या (वायरी जोडायच्या सॉकेटमधल्या) पिनांवर खाऱ्या हवेने हिरवा थर चढतो. बॉक्सचा मुख्य कपलर सोडवून बघा आणि बॅटरीची अर्थ केबल तपासा. तिसरी, ब्रीदर, म्हणजे बॉक्सची हवा आत-बाहेर जायचं तोंड. चिखलाने बुजला किंवा पावसात पाणी आत गेलं तर क्लचच्या फायबरचा सत्यानाश ठरलेला.

आणि ऑइलचे चार थेंब पांढऱ्या कागदावर टाका. काळपट आणि जळका वास म्हणजे प्लेटा गेल्या. चकाकणारे कण म्हणजे धातू झिजतोय. पण गुलाबी लस्सीसारखं घट्ट दिसलं तर कूलर आतून फुटून रेडिएटरचं कूलंट ऑइलमध्ये आलंय. मग एक सी-३ बदलून भागणार नाही. कूलंटमधल्या ग्लायकॉलने फायबर चिकटवलेला गोंदच सुटतो, तेव्हा सगळ्याच फायबर प्लेटा टाकून द्यायच्या, दिसायला कितीही नव्या असोत.

तुमच्या वर्णनावरून बॉक्स खोलावा लागेलच असं दिसतंय. खोलताना स्वतः उभे राहा. सी-३ फिरत नाही, तो केसमध्ये बसून आतल्या रिंग गिअरला धरून ठेवतो. त्यामुळे त्याची गळती शोधायला त्याच्या पिस्टनचे सील आणि व्हॉल्व्ह बॉडी (क्लचांना ऑइल वाटणारा भाग) केसला जिथे बसते ती जागा, एवढंच बघायचं. सी-१, सी-२ चं वेगळं. ते फिरतात, त्यांना ऑइल फिरत्या शाफ्टवरच्या सीलिंग रिंगांमधून जातं. त्या रिंगांच्या खाचा नखाने चाचपून बघा. खाचेला पायरी पडली असेल तर नवीन रिंग घालूनही प्रेशर गळणार आणि आज बरा असलेला सी-१ पुढच्या वर्षी बॉक्स परत उतरवायला लावणार.

स्टील प्लेटा 'पॉलिश करून लावतो' म्हणाला तर नको म्हणा. निळे डाग पडलेली प्लेट एकदा जास्त तापून बिघडलेली असते. सपाट काचेवर ठेवून कडेने फीलर गेज सरकवा, गेज आत गेला की प्लेट भंगारात. नव्या फायबर प्लेटा नव्या ऑइलमध्ये भिजवूनच बसवायच्या. प्रत्येक पॅकचा क्लिअरन्स (प्लेटांमधली मोकळी जागा) मापून वहीत लिहायला सांगा. आणि बॉक्स बंद करायच्या आधी कमी दाबाच्या हवेने प्रत्येक क्लच वाजवून बघायचा: 'ठप्' असा भरीव आवाज आला तर सील धरतायत, नुसतं 'सुस्स' आलं तर परत खोला. ही तपासणी जो फिटर करत नाही त्याच्याकडे बॉक्स देऊ नका, मग तो कुणाचाही मेहुणा असो.

कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून बॉक्सला देणारा भाग, नुसता धुऊन परत लावायचा नाही. जळलेल्या प्लेटांचा चुरा त्यात बसलेला असतो. खोलून साफ केलेला तरी हवा किंवा बदललेला. कूलरचंही तसंच, धातूचे कण गेले असतील तर कितीही फ्लश करा, कण आत राहतातच. नवीन घ्या.

आता तुमचं 'हेवी ड्यूटी'. यूट्यूबवर अमेरिकन पिकअपचे बॉक्स बनवतात ते तुम्ही बघितलेले दिसतात: बिलेट शाफ्ट, जादा प्लेटा, तीन डिस्कचा कन्व्हर्टर, वाढवलेलं लाइन प्रेशर (क्लच दाबणारं ऑइलचं प्रेशर). ती मंडळी ट्यूनर लावून इंजिनची ताकद भरमसाट वाढवतात, म्हणून त्यांना शाफ्ट तुटायची भीती. तुमचं इंजिन कंपनीने दिलं तसंच आहे. तुमचा शाफ्ट तुटलेला नाही, तुमच्या प्लेटा जळल्यात. त्याच जागेत जादा प्लेटा कोंबायच्या तर स्टील पातळ घ्यावं लागतं, आणि पातळ स्टील उष्णता कमी झेलतं. प्रेशरचंही सोडून द्या, ते या बॉक्सचा कॉम्प्युटर सोलेनॉइडमधून (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हमधून) सांभाळतो. प्रेशर वाढवायला स्प्रिंगखाली वायसर घालणारे कळंबोलीत भेटतात. त्यांना लांबूनच नमस्कार.

पैसे घालायचे ते उष्णतेवर. ऑइल टाकीतलं तापमान ७१ ते ९३ अंशांत असावं, १२१ च्या वर गेलं की धोका. कन्व्हर्टरमधून कूलरकडे जाणाऱ्या ऑइलची हद्द १४९. गायमुखच्या चढाला ट्रॅफिकमध्ये भरलेली गाडी पहिल्यात सरपटते तेव्हा लॉकअप (कन्व्हर्टरला इंजिनशी थेट जोडणारा क्लच) लागत नाही, कन्व्हर्टर घसरतच राहतो आणि इंजिनच्या ताकदीतला मोठा हिस्सा ऑइल तापवण्यात जातो. त्यात गाडी जेमतेम चालत असल्याने रेडिएटरला वारा नाही.

म्हणून मूळ पाण्याच्या कूलरनंतर, ओळीत, स्वतःचा पंखा आणि थर्मोस्टॅट असलेला हवेचा कूलर चेसिसच्या बाजूला लावा, पुढे दगडांपासून जाळी. रेडिएटरच्या तोंडाशी लावू नका, इंजिन तापेल. पाइपाचा आतला व्यास मूळ पाइपाहून बारीक चालणार नाही. याचं कारण नीट लक्षात घ्या: कूलरमधून परत येणारं ऑइलच लूब फिल्टरमधून आतल्या गिअरांना आणि बेअरिंगना वंगण देतं. बारीक होज किंवा कोंडणारा स्वस्त कूलर लावलात तर ऑइल थंड दिसेल आणि गिअर कोरडे पडतील. डॅशबोर्डवर तापमानाचा काटा लावा, ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर.

ऑइल ॲलिसनच्या टीईएस २९५ किंवा त्यानंतर आलेल्या टीईएस ६६८ मान्यतेचंच, सिंथेटिक. डब्यावर मान्यता छापलेली बघा, नुसतं 'एटीएफ' लिहिलेलं नको. मेन आणि लूब दोन्ही फिल्टर नवीन. मेन फिल्टर ८,००० किमी किंवा २०० तास, जे आधी होईल तेव्हा, परत बदला, कारण नव्या प्लेटांची पहिली झीज त्यातच अडकते.

बॉक्स बसवल्यावर कॉम्प्युटरमधली जुनी शिकवण पुसून फास्ट अडॅप्टिव्ह मोडवर (नव्याने पटकन शिकायच्या मोडवर) टाकायला लावा. जुना कॉम्प्युटर झिजलेल्या प्लेटांच्या हिशेबाने क्लचमध्ये ऑइल भरायला शिकलेला असतो. तसंच सोडलं तर नव्या बॉक्सला झटके बसतात आणि मालकाला वाटतं काम खराब झालं. हे कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय होत नाही, म्हणून ते नसलेल्या ठिकाणी काम देताना आधी विचारा.

ड्रायव्हरला दोनच गोष्टी सांगा. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय आर नाही. आणि गायमुखला चढताना खालचा बाण दाबून दुसऱ्यात धरून ठेवायची, म्हणजे वेग मिळाला की लॉकअप लागतो. ओव्हरलोडबद्दल मी बोलत नाही. २०१८ साली सरकारने ॲक्सलची मर्यादा वाढवून दिली तरी आपण तिच्यावर अजून भरतो, ते तुम्हालाही ठाऊक आहे.

राहिलं मॅन्युअल बसवायचं. फ्लायव्हील, क्लच हाउसिंग, पेडल आणि त्याची लाइन, बॉक्सचे माउंटिंग, प्रोपेलर शाफ्टची लांबी, पीटीओ (डाला उचलणारा पंप चालवणारा जोड), वर इंजिनच्या कॉम्प्युटरला समजावणं: एवढं सगळं बदलून हातात येते ती एक बिनवारशी गाडी, जिचं वायरिंग लावणाऱ्या माणसाशिवाय कुणाला कळत नाही. मॅन्युअलच हवी असेल तर हा टिपर आहे तसा, दोष सांगून विका आणि मॅन्युअल बॉक्सचा दुसरा घ्या. त्यात तुमचे कमी पैसे बुडतील.