शिक्का नीट उठत नाहीये, काय करू? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेले होते की आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या सेल्फ इंकिंग शिक्क्यांमधे, म्हणजे ज्यांच्या डबीतच शाईचं पॅड असतं त्यांच्यात, डबी बिघडलेली क्वचितच असते, बिघडलेली असतात अक्षरं नाहीतर पॅड. त्यावर एवढी पत्रं आली की यावेळी पूर्ण रकाना शिक्क्यांचाच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इंदुरात खजुरी बाजाराजवळ आमचं शिक्क्यांचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं, तेव्हा शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे सुटे ठोकळे, जुळवून साचा काढायचे, आता लेझर आहे, पण शिव्या खाणं तेच आहे.

लोकमान्य नगरहून एक काका लिहितात: ताई, मी आमच्या सोसायटीचा कोषाध्यक्ष. चार ओळींचा शिक्का करून घेतला, नाव, पद, संस्थेचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर. डबी मुद्दाम महागातली घेतली. दोन महिन्यांत 'कोषाध्यक्ष' शब्दाचा नुसता निळा डाग व्हायला लागलाय. दुकानदार म्हणतो डबी बदला, तुम्ही काय म्हणता?

काका, डबी अजिबात बदलू नका, तिचा काही दोष नाही. तुम्ही पाठवलेल्या कागदावर ठसा मोजला, ३८ बाय १४ मिलिमीटर भरला. आता १४ मिलिमीटरमधे चार ओळी म्हणजे एका ओळीला साडेतीन मिलिमीटर. इंग्रजी कॅपिटल अक्षरं असती तर निभावलं असतं, त्यांना ना वर काही ना खाली काही. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि या सगळ्या मंडळींना जागा देऊन झाल्यावर अक्षराच्या अंगाला उरतात जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. त्यात आता 'षा', 'ध्य' आणि 'क्ष' ओळीने बसवा! 'ष' च्या पोटात जी तिरपी रेघ असते ना, तिच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा केसाएवढी होते, तिथे शाई जाऊन बसते, वर कागदाची धूळ बसते, परत शाई, आणि मग पोट कायमचंच भरतं. 'सचिव' लिहिलं असतंत तर वर्षभर कळलं नसतं, पद बदलून घ्या असं मी म्हणणार नाही पण.

आत्तापुरतं करायचं ते एवढंच, की पॅड काढून ठेवा आणि सेलोटेपच्या चिकट बाजूवर तोच शिक्का चारपाच वेळा दाबा, पोटातला गाळ टेपला चिकटून येतो. नाही आला तर जुना मऊ टूथब्रश, साबणाचं पाणी. पिन, सुई काही घालू नका, रेघ तुटली की ती परत येत नाही. नंतर सवडीने त्याच डबीत नुसतं रबर बदलून घ्या, त्याला डबीपेक्षा खूप कमी पैसे लागतात, आणि एक ओळ कमी करा. चार ओळी हव्याच असतील तर मग ४७ बाय १८ वाली डबी घ्या. आणि फॉन्ट सगळीकडे सारख्या जाडीचा सांगा. लग्नपत्रिकेसारखा एकीकडे जाड एकीकडे नाजूक फॉन्ट स्क्रीनवर फार सुंदर दिसतो, रबरावर त्याच्या नाजूक रेघा पहिल्यांदा जातात.

माझी स्वतःची फजिती सांगते. एका कार्यक्रमाच्या मंडळींना 'संयोजक' असा शिक्का करून दिला होता, पंधरा दिवसांनी ते 'सयोजक' होऊन परत आले. भिंगातून बघितलं तर अनुस्वार गायब. लेझर अक्षराच्या चारी बाजूंनी रबर जाळत जातो, त्यामुळे अनुस्वार म्हणजे एकटा उभा खिळा राहतो, त्याला शेजारी ना पाजारी, दर ठशाला तो थोडा वाकतो आणि एक दिवस मोडतो. तेव्हापासून मी अनुस्वार जरा मोठा ठेवते आणि लेझरच्या सेटिंगमधे खांदा देते, म्हणजे अक्षराच्या बाजू सरळ खाली न उतरता उतरत्या होतात, बूड रुंद आणि डोकं बारीक, डोंगरासारखं. तुमचा शिक्का करून घेताना दुकानदाराला 'खांदा दिलाय का' एवढं विचारा. तो तुमच्याकडे नुसतं बघत राहिला तर दुसरं दुकान बघा.

रामबागहून आठवीतला एक मुलगा: मावशी, बाबांचा शिक्का मी उघडला, आतली अक्षरं उलटी कशी होतात ते बघायचं होतं. स्प्रिंग उडाली आणि आता बसत नाहीये. बाबांना अजून सांगितलं नाहीये.

बाबांना सांग, कारण आता छापून आलंच. स्प्रिंग तोंडावर उडाली नाही हे नशीब समज, पुढच्या वेळी डबी चेहऱ्यापासून लांब धरून उघड.

आता बघ, आत काय असतं. वरच्या बाजूला एक छोटा ड्रॉवर, त्यात पॅड पालथं, म्हणजे शाईचं तोंड खाली. अक्षरांचं रबर चिकटवलेली एक छोटी पाटी त्याच्या खाली, आणि डबी नुसती पडलेली असते तेव्हा अक्षरांचं तोंड वर, पॅडला टेकलेलं. म्हणजे शिक्का वापरात नसतो तेव्हाच तो शाई पीत असतो! या पाटीला दोन्ही बाजूंना आस असतो, सायकलच्या चाकाला असतो तसा, आणि डबीच्या दोन्ही भिंतींना आतून खाचा असतात. तू वरून दाबलंस की वरचं झाकण आसाला धरून पाटी खाली ढकलतं. पाटी सरळ खाली गेली असती तर तिची पाठ कागदावर आपटली असती, पण अर्ध्या वाटेत खाचेला वळण असतं, पाटीच्या कडेचा भाग त्या वळणात अडकतो, मधला आस मात्र खालीच चाललेला असतो, त्यामुळे पाटीला कोलांटी मारण्याशिवाय इलाज नसतो. पूर्ण १८० अंशात फिरते आणि अक्षरं कागदाकडे तोंड करून उतरतात. हात सोडला की स्प्रिंग ढकलते, तीच कोलांटी उलटी, परत पॅडपाशी. मोटर नाही सेल नाही काही नाही.

हळू दाबून बघ, एकदम नको, मधे कुठेतरी पाटी उभी झालेली दिसेल, तेव्हा तिचं तोंड ना वर ना खाली. बऱ्याच डब्यांना बाजूला बटणं असतात ती याच जागी पाटी थांबवायला, कारण पॅडचा ड्रॉवर ओढताना अक्षरं पॅडला टेकलेली असली तर ती घासली जातात. बसवताना दोन्ही बाजूंचा आस एकाच वेळी आपापल्या खाचेत गेला पाहिजे, एक बाजू आधी गेली की पाटी तिरपी अडकते, तुझं बहुतेक तेच झालंय. नाही जमलं तर घेऊन ये दुकानात, फुकट लावून देईन, पण समोर बसून परत एकदा तू उघडायचा.

आणि आता कुतूहल आहेच तर, ऑस्ट्रियात वेल्स नावाचं एक गाव आहे, जगात नावाजलेल्या दोन शिक्का कंपन्या, ट्रोडॅट आणि कोलॉप, दोन्ही तिथल्याच. ट्रोडॅट १९१२ साली व्हिएन्नात सुरू झाली होती, प्रिंटी नावाची तिची प्लॅस्टिकची डबी १९७७ ची, कोलॉप कंपनी १९८० ची. एकाच गावात दोघं, म्हणजे सराफ्यात समोरासमोर दोन दुकानं असतात तसंच.

सुदामा नगरहून एक वकील बाई: नोटरीचं काम आत्ताच मिळालंय, गोल सेल्फ इंकिंग घ्यायचाय, दुकानदार ४० मिलिमीटरचा दाखवतोय, चालेल का?

नाही चालणार. १९५६ च्या नोटरी नियमांत सील साधं गोल आणि ५ सेंटीमीटर व्यासाचं सांगितलंय, त्यात तुमचं नाव, कामाचं क्षेत्र, 'नोटरी' हा शब्द आणि नेमणूक करणाऱ्या सरकारचं नाव. मोठी डबी मागवून घ्या.

तिलक नगरहून एक क्लिनिकवाले डॉक्टर: पॅड कोरडं वाटलं म्हणून कंपाउंडरने कपाटातली शिक्क्याची शाई भरली. आता अक्षरं जाड, फुगल्यासारखी उठतात आणि ठसा दिवसभर ओला राहतो. शाईपण शिक्क्याचीच होती हो!

डॉक्टर, शिक्क्याचीच होती पण दुसऱ्या जातीच्या. तुमच्या कपाटात आधीचा प्री-इंक शिक्का असणार, म्हणजे ज्याला पॅड नसतं, शाई आतच भरलेली असते आणि अक्षरांतून पाझरते, त्याच्या बाटलीतली शाई तेलाची असते. सेल्फ इंकिंगच्या पॅडला पाण्याची शाई लागते, तिच्यात ग्लिसरीनसारखं काहीतरी घातलेलं असतं म्हणून पॅड महिनोन्महिने ओलसर राहतं आणि कागदावर मात्र शाई शोषली जाऊन पटकन सुकते. तेलाच्या शाईने पॉलिमरची अक्षरं फुगतात, तुमची फुगलीत, ती परत बारीक होतील अशी आशा ठेवू नका. पॅड फेका, अक्षरं नवीन करा, डबी पुसून तीच वापरा. आणि उलटं, म्हणजे पाण्याची शाई प्री-इंकमधे, तेही करू नका, त्याची बारीक भोकं बुजतात आणि तो शिक्का मग कामातून जातो. शाई म्हणजे शाई असं आपण समजतो, पण शेजारी देवासला बँक नोट प्रेसमधे नोटांच्या शाईचा वेगळा कारखानाच आहे, उगीच नाही.

भरताना पण, पाचसहा थेंब सगळीकडे पसरून टाकायचे आणि थोडा वेळ मुरू द्यायचे. लोक बाटली पिळतात. मग ठशाभोवती चौकोनी सावली उठते आणि तक्रार आमच्याकडे येते की खोदाई उथळ आहे. (कधीकधी ती खरंच उथळ असते, ते पण सांगते, दोन दिवस कमी शाईत वापरूनही सावली गेली नाही तर चूक आमच्या धंद्याची.)

याच विषयावर मिठाईच्या डब्यावर तारीख मारणाऱ्या एका भाऊंचं पत्र आहे, की ठसा बोटाने पुसला जातो. भाऊ, तुमचा डबा लॅमिनेटेड आहे, त्यात शाई शोषायला जागाच नाही, पाण्याची शाई तिथे नुसती बसून राहणार. स्पिरिटवाली झटपट सुकणारी शाई मिळते, ती प्लॅस्टिकवर पण धरते, पण ती डबीतल्या पॅडवरसुद्धा तेवढ्याच झटपट सुकते, म्हणून तिला वेगळं झाकणाचं पॅड आणि साधा हँडलवाला शिक्काच बरा.

राजेंद्र नगरहून एक आई: मुलगा बीकॉम झालाय, घरूनच शिक्के करायचं म्हणतोय. लेझर घ्यावं, पॉलिमरचं मशीन घ्यावं की फ्लॅश? सगळे आपापलं चांगलं सांगतात.

वहिनी, सगळे आपापलं विकतायत म्हणून सांगतात. फ्लॅश सगळ्यात सोपं, काळ्या फोमवर छापलेला पारदर्शक कागद ठेवायचा, झेनॉनच्या दिव्याचा लखकन उजेड पडतो, उजेड लागला तिथला फोम तापून बंद होतो, छापलेल्या काळ्या अक्षरांखाली उजेड पोचत नाही, तिथली भोकं उघडी राहतात आणि त्यातूनच शाई पाझरते. ठसा फार रेखीव येतो. पण तो शिक्का प्री-इंकच्या जातीचा, सेल्फ इंकिंग नव्हे, त्याला पॅडच नसतं, दुकानदार दोन्हीला एकच नाव लावून विकतात आणि मग वर डॉक्टरांचं झालं तसं होतं.

पॉलिमरला निगेटिव्ह लागते, काचेवर मधासारखं दाट राळ ओतायचं, खालून अल्ट्राव्हायोलेट उजेड, अक्षरांच्या जागी राळ घट्ट होतं, बाकीचं कोमट पाण्यात साबण घालून ब्रशने धुवून काढायचं, परत उजेड. एकदा हात बसला की स्वस्त पडतं, पण ते धुणं म्हणजे चिकट काम आहे, आणि नीट धुतलं नाही की परत 'कोषाध्यक्ष'. मला विचाराल तर त्याने पहिले सहा महिने हेच करावं, कारण कुठली रेघ टिकते आणि कुठली धुवून जाते ते हाताला कळतं.

लेझर मग घ्यावं. लेझरचं रबर वेगळं मिळतं, कमी वासाचं, सेल्फ इंकिंगसाठी २.३ मिलिमीटर जाडीचं, आणि ही जाडी पाळायचीच, जाड घेतलं तर पाटी वळताना अडकते, पातळ घेतलं तर अक्षरं पॅडपर्यंत पोचतच नाहीत. लाकडी हँडलखाली आपण फोमची गादी लावतो, ती सवय इथे सोडायची, इथे सरळ दुहेरी टेप. धूर बाहेर काढायला पाईप आणि पंखा हवाच, जळक्या रबराच्या वासाला घरचे दोन दिवसांत कंटाळतील. आणि लेझरमधे पीव्हीसी कधीही टाकायचं नाही, कोणी कितीही पैसे देऊदे, त्यातून निघणारा वायू फुफ्फुसं आणि मशीन दोन्ही खातो.

आणि वहिनी, त्याला एक गोष्ट पहिल्या दिवशीच सांगा. लोक मोबाईलवर कुठल्यातरी ऑफिसच्या शिक्क्याचा फोटो आणतात, 'भिया, ऐसाच बना दो, अर्जेंट है', आणि दुप्पट पैसे द्यायला तयार असतात. नाही म्हणायचं. संस्थेचं पत्र आणि आणणाऱ्याचं ओळखपत्र बघितल्याशिवाय कुठल्याही पदाचा शिक्का करायचा नाही, आणि प्रत्येक शिक्क्याचा एक ठसा तारखेसकट वहीत ठेवायचा. खोटं सील करणं जुन्या दंड संहितेत ४७२ कलमाखाली यायचं आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, नव्या संहितेतही तो गुन्हाच आहे. आमच्या सासऱ्यांच्या वह्या मी अजून ठेवल्यात, एकदा पोलीस चौकशीला आले होते तेव्हा त्यातलं एक पानच उपयोगी पडलं.

एका छोट्या प्रायव्हेट लिमिटेडचे भागीदार विचारतात की कंपनीचं कॉमन सील, म्हणजे तिची अधिकृत मोहोर, सेल्फ इंकिंगमधे होईल का. उठावाचं सील म्हणत असाल तर नाही होणार, त्यात शाई नसतेच, एक साचा उंच आणि एक खोल, मधे कागद दाबला जातो. आणि कंपनी कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर कॉमन सील कंपन्यांना सक्तीचं राहिलेलं नाही, आपल्या सीएंना विचारा आणि गरज नसेल तर खर्च वाचवा.

नारायण बागेतून एक आजी: आमच्या यजमानांच्या दुकानाचा लाकडी मुठीचा शिक्का सापडलाय, रबर कडक झालंय, परत उठेल का? तसाच नवीन करून मिळेल का?

आजी, रबर जुनं होऊन दगड झालं असेल तर पॅडवरून शाई नीट उचलणार नाही, पण अक्षरं शाबूत असतील तर एक चांगला ठसा नक्की निघेल आणि आपल्याला एकच पुरे. तो स्कॅन करून तशीच्या तशी अक्षरं नव्या रबरावर काढता येतात, आणि बसवायची त्याच लाकडी मुठीवर, डबीत नको. घरी पुसणार असाल तर ओल्या फडक्याने पुसा, रॉकेल नाहीतर थिनर लावू नका, उरलंसुरलं रबर फुगून अक्षरं जातील. खरं तर पुसूच नका, तसाच घेऊन या. जुने खिळे कुठल्या वळणाचे होते ते बघायची मलाच हौस आहे, दुपारी तीननंतर या, तेव्हा गर्दी नसते.