सायनसमध्ये गेलेले इम्प्लांट दुखत नसेल, तरी काढावे लागते का?

आपल्या आईंच्या वरच्या दाढेच्या जागी बसवलेले इम्प्लांट (कृत्रिम दातासाठी हाडात बसवलेला स्क्रू) सायनसमध्ये, म्हणजे वरच्या जबड्याच्या हाडातील नाकाला जोडलेल्या हवेच्या पोकळीत, गेले आहे, त्यांना काहीही त्रास नाही, मग शस्त्रक्रिया कशासाठी, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापुरात तोंडाच्या व जबड्याच्या शस्त्रक्रिया करतो. माझे स्पष्ट मत आहे की ते काढावे. फक्त पूर्ण तपासणी करून, ठरवून काढावे.

सायनसच्या अस्तरावरील अतिसूक्ष्म केस आतला स्राव सतत वर, नाकात उघडणाऱ्या छिद्राकडे ढकलत असतात. सुटे इम्प्लांटही त्या दिशेने सरकू शकते, आणि छिद्र तुंबले की आत पू साचतो. कधी बुरशीचाही संसर्ग होतो. इम्प्लांट थेट स्फेनॉइड सायनसपर्यंत (नाकाच्या मागे खोलवर असलेल्या पोकळीपर्यंत) गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणूनच आज दुखत नाही, एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

सायनस स्वच्छ असेल, तर तोंडातून, दाढांच्या वरच्या हाडात लहानशी खिडकी करून इम्प्लांट काढता येते आणि बरेचदा जागेवरची भूलही पुरते. मात्र सायनस सुजलेला आणि छिद्र बंद असेल, तर ईएनटी सर्जनने नाकातून दुर्बिणीने जाणे अधिक योग्य, कारण त्यात इम्प्लांट निघते आणि निचऱ्याची वाटही मोकळी होते. तोंड व सायनस यांच्यात भोक राहिले असेल, तर गालाच्या आतील त्वचेची झडप किंवा गालातील चरबी वापरून ते त्याच वेळी बंद करावे लागते. असे भोक आणि संसर्ग दोन्ही असतील, तर मी आणि ईएनटी सर्जन मिळून काम करतो. १८९० च्या दशकापासून चालत आलेली काल्डवेल-ल्यूक शस्त्रक्रिया (वरच्या ओठाखालून सायनसची पुढची भिंत मोठी उघडण्याची पद्धत) आता क्वचितच लागते, कारण तिच्यानंतर गाल व ओठ बधिर राहण्याचा धोका अधिक असतो. इम्प्लांटच्याच भोकातून चिमटा घालून अंदाजाने शोधाशोध करण्यास मात्र माझा ठाम विरोध आहे; त्यात उरलेसुरले हाडही जाते.

आडवे झाल्यावर इम्प्लांट जागा बदलते, त्यामुळे जुन्या ओपीजीवर (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर) विसंबू नये. सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) शक्यतो शस्त्रक्रियेच्या दिवशीच करून घ्यावा, हा आग्रह आपण जरूर धरावा.

नंतर साधारण दोन आठवडे नाक जोरात शिंकरू नये, शिंक तोंड उघडे ठेवून द्यावी, स्ट्रॉने काही पिऊ नये. आपल्याकडे अनेक ज्येष्ठ स्त्रियांना मशेरीची सवय असते. आईंना असेल, तर ती शस्त्रक्रियेआधीच बंद करावी, कारण तंबाखूने जखम भरायला फार वेळ लागतो. नवे इम्प्लांट सायनस पूर्ण बरा झाल्याचे स्कॅनमध्ये दिसल्यावरच, आणि हाडाची उंची कमी असल्यास सायनस लिफ्ट (सायनसचे अस्तर वर उचलून खाली हाड भरणे) करूनच बसवावे.