गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला का?

प्रश्न: ताई, मला चार वर्षांपासून आमवात आहे. सकाळी बोटं वळतच नाहीत, कोमट पाण्यात हात घालून बसते तेव्हा कुठे चहाचं पातेलं उचलता येतं, पोळ्या तर आता नवराच लाटतो. दर रविवारी चर्चमध्ये कुणीतरी म्हणतंच, विश्वासाने मागा. एका बहिणीने सांगितलं की एखादं पाप कबूल करायचं राहिलं असेल. मागच्या महिन्यात गोळ्या बंद करून सगळं देवावर सोडलं, तर आता गुडघेपण सुजलेत. देव चांगला आहे आणि सगळं त्याच्याच हातात आहे, दोन्ही खरं असेल तर मग हे का?
— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर: आधी डॉक्टरांना फोन करा, बाकीचं नंतर वाचा. आणि राहिलेल्या गोळ्या भरून काढायच्या म्हणून मनाने जास्त घेऊ नका, आमवातावरची मेथोट्रेक्सेट गोळी असेल तर ती आठवड्यातून एकदाच असते, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं.

गोळी घेणं म्हणजे अविश्वास, हे कुणी काढलं देव जाणे. बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घे असं सरळ लिहिलंय, आणि दुसरा सोबती त्रफिमाला तर आजारी असतानाच मिलेत शहरात ठेवून आला. आता पौलाचाच विश्वास कमी होता म्हणायचं का? पापाचं म्हणाल तर योहानाच्या शुभवर्तमानात ९ व्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल हेच विचारलं होतं, याने पाप केलं की आईबापाने, आणि येशूने दोन्हीला नाही म्हटलं.

आता तुमचं "का". ते मला सांगता येणार नाही, आणि कुणी छातीठोक सांगत असेल तर जरा लांबच राहा. बायबलमधला ईयोब, सगळं गमावून आजारी पडलेला भला माणूस, त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढंच काय ते बरं केलं, तोंड उघडलं आणि सगळी माती केली. ईयोब मात्र देवाशी तावातावाने भांडला, जन्मलो तो दिवस जळो म्हणाला, आणि शेवटी देव रागावला तो मित्रांवर! ईयोबालाही कारण कळलं नाहीच हं, पण देव त्याच्याशी बोलला.

मला वाटतं सगळं देवाच्या हातात आहे याचा अर्थ दुखणं गोड मानून घ्यायचं असा नाहीच, अर्थ एवढाच की तक्रार कुठे न्यायची ते माहीत आहे. ज्याच्या हातात काही नाही त्याच्याशी कोण भांडत बसतं? ८८ वं स्तोत्र वाचा, ते अंधारावरच संपतं, तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. आणि वधस्तंभाआधीच्या रात्री गेथशेमानेच्या बागेत खुद्द येशूने हा दुःखाचा प्याला टळो म्हणून मागितलं, टळला नाही. त्याचा विश्वास कमी होता म्हणून?

पंडिता रमाबाईंचं लोक सांगतील, कान गेले, १९२१ मध्ये लेक मनोरमा गेली तरी केडगावला बायबलचं भाषांतर सोडलं नाही. खरं आहे, पण ते तुम्हाला लाजवायला नको. तुम्ही सध्या पातेलं उचलताय, पुष्कळ झालं.

रविवारी त्या बहिणीने परत विचारलं तर सांगा, डॉक्टरांकडे जाऊन आले, आणि संध्याकाळी पोळ्या लाटायला येता का, हे दमलेत.