‘कै.’ लावायचं का?

चि. सई हिस,

अनेक आशीर्वाद.

शाळेच्या टेक्सस-इतिहासाच्या प्रकल्पासाठी साउथवेस्ट या विमान कंपनीचे सुरुवातीच्या काळातले प्रमुख लामार म्यूज यांच्यावर लिहिलेलं टिपण तू मराठीत करून आजीला पाठवलंस. आजीचं उत्तर एका ओळीचं आलं: ‘नावाआधी कै. लाव.’ त्यावर तू विचारलंस की कै. म्हणजे काय, ते अमेरिकन माणसाला लावायचं का, आणि गेलेल्या माणसावर मराठीत लिहायची काही ठरलेली रीत असते का. पहिल्या दोन प्रश्नांना चार ओळी पुरतील. तिसऱ्यासाठी तुझं टिपणच समोर घेऊन बसले आहे.

कै. म्हणजे कैलासवासी, शंकराच्या कैलासावर राहायला गेलेला. वारकरी घरांत त्याऐवजी वै. लिहितात, म्हणजे वैकुंठवासी. मुसलमान माणसाच्या नावाआधी मराठीत पैगंबरवासी येतं, मराठी ख्रिस्ती लोक ख्रिस्तवासी लिहितात. म्हणजे हा शब्द नुसता ‘आता हयात नाहीत’ एवढंच सांगत नाही, तो माणूस कुठे गेला असं त्याचे लोक मानतात तेही सांगतो. ह्यूस्टनमध्ये जन्मलेल्या म्यूज यांना आपण कैलासावर पाठवायचं काही कारण नाही. धर्माची गाठ नसलेला शब्द हवा तर ‘दिवंगत’ आहे. तुझ्या लेखात मात्र तोही नको. जो माणूस सार्वजनिक होतो त्याच्या नावाआधीचं कै. काही वर्षांनी आपोआप गळून पडतं; लोकमान्यांच्या किंवा फुल्यांच्या नावाआधी ते कुणी लावत नाही. नावापुढे कंसात (१९२०–२००७) लिही, पुरे. आजीला मी सांगते.

आता टिपण. पहिलीच अडचण ‘तो’ची. ‘तो साउथवेस्टचा प्रेसिडेंट झाला, त्याने भाडं कमी केलं’ हे मराठी कानाला खटकतं. ज्यांची ओळख नाही आणि वय मोठं, त्यांना आदरार्थी बहुवचन: ‘ते अध्यक्ष झाले’, ‘त्यांनी भाडं कमी केलं’. नावाला थेट प्रत्यय न जोडता मध्ये ‘यांनी’, ‘यांचे’, ‘यांना’ घाल: ‘म्यूजने’ नको, ‘म्यूज यांनी’. एकदा बहुवचन धरलं की शेवटपर्यंत धर. तुझ्या तिसऱ्या परिच्छेदात ते मध्येच ‘तो’ झालेत. (सचिनला आपण ‘तो’ म्हणतो ते लाडानं. विमान कंपनीच्या प्रमुखाशी आपला तेवढा लाड नाही.)

मरणाच्या क्रियापदाचंही तसंच. ‘मेले’ माणसाबद्दल लिहीत नाहीत. बोलताना ‘गेले’ किंवा ‘वारले’, जुन्या पत्रांत ‘देवाज्ञा झाली’, छापताना ‘निधन झाले’. ‘दुःखद निधन’ मधला ‘दुःखद’ काढ, सुखद निधन कुणी छापत नाही.

वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेचा साचा ठरलेला असतो: पूर्ण नाव, कंसात वय, कधी, कुठे, कशाने, आणि शेवटी ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ हे शेवटचं वाक्य ताज्या बातमीचं असतं. इतक्या वर्षांनी लिहिताना ते गाळायचं.

निधनाची तारीख तू ०२/०५/२००७ अशी लिहिलीस. मराठी वाचक ती २ मे वाचणार. ‘५ फेब्रुवारी २००७’ असं महिन्याचं नाव घालूनच लिही. वयाचा हिशेब त्याहून फसवा. जन्म ४ जून १९२०, म्हणजे त्या दिवशी ८६ पूर्ण होऊन ८७वं चालू होतं. म्हणून ‘ते ८६ वर्षांचे होते’ बरोबर, ‘वयाच्या ८७व्या वर्षी निधन झाले’ हेही बरोबर, पण तू लिहिलेलं ‘वयाच्या ८६व्या वर्षी’ चूक. पेपरवालेही हे सर्रास चुकतात.

आजाराचं वाक्य तर सगळ्यांत नाजूक. मराठी निधनवार्तेत ‘अल्पशा आजाराने’ आणि ‘दीर्घ आजाराने’ असे दोन शिक्के आहेत, आणि दुसऱ्यामागे पुष्कळदा कॅन्सरच लपवलेला असायचा. घरात त्याचं नाव घेत नसत, मग छापणार कोण? आज लपवायचं कारण नाही, आणि म्यूज यांच्या बाबतीत कारण जाहीरच आहे. सरळ लिही: ‘डॅलस येथे फुफ्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.’ फुफ्फुस मध्ये जोडाक्षर फ्फ, स एकटा. तू ‘फुफुस्स’ केलं आहेस. ‘कर्करोगाशी झुंज अपयशी ठरली’ हे वाक्य काढून टाक. ते आता इतकं छापलं जातं की लिहिणाऱ्याला त्याचा अर्थ दिसत नाही: जो गेला तो हरला, नीट लढला नाही. पेशी कशा वाढतात हे रोग्याच्या जिद्दीवर ठरत नाही.

‘विमानक्षेत्रातला तारा निखळला’, ‘कधीही न भरून येणारी पोकळी’ आणि सुरुवातीची ‘गगनभरारी’ हेही काढ. विमानवाल्यावर लिहिताना गगनभरारीचा मोह सगळ्यांनाच होतो. शेवटी ‘अखेरचं उड्डाण’ केलं नाहीस याबद्दल आभार.

एवढं काढल्यावर टिपणात जागा झाली. ती कामानं भर. मोठ्या हुद्द्याच्या माणसाबद्दल आपल्याकडे विशेषणं लिहिली जातात, ‘कर्तृत्ववान’, ‘द्रष्टे’, आणि वाचणाऱ्याला त्याने सकाळी ऑफिसात जाऊन केलं काय ते कळतच नाही. तू दहा मिनिटांचा टर्न, म्हणजे उतरलेलं विमान दहा मिनिटांत पुन्हा उड्डाणाला काढणं, एका ओळीत उरकला आहेस. खरं तर लेख त्याचाच व्हायला हवा.

आधी एक दुरुस्ती. म्यूज साउथवेस्टचे संस्थापक नव्हते. कंपनी १९६७ मध्ये रोलिन किंग आणि हर्ब केलेहर यांनी नोंदवली, त्यानंतर काही वर्षं दुसऱ्या विमान कंपन्यांनी तिला कोर्टात अडकवून ठेवलं. म्यूज जानेवारी १९७१ मध्ये प्रमुख म्हणून आले आणि १८ जून १९७१ ला बोइंग ७३७ विमानांवर डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो यांच्यात सेवा सुरू झाली. सगळं टेक्ससच्या हद्दीत, म्हणून भाड्याला केंद्र सरकारच्या विमान मंडळाची मंजुरी लागत नव्हती. हे वाक्य विसरू नकोस, नाहीतर पुढचं भाडेयुद्ध कळत नाही.

१९७२ मध्ये पैसे संपत आले आणि चारपैकी एक विमान विकावं लागलं. वेळापत्रक मात्र चार विमानांचंच चालवायचं ठरलं. हे कसं जमतं ते वाचकाला हिशेबानं दाखव. आकडे समजायला सोपे म्हणून मी धरले आहेत, तसं तूही लेखात सांग. समज, एक उड्डाण ५० मिनिटांचं आणि जमिनीवर थांबा ३० मिनिटांचा: एक फेरी ८० मिनिटं. दिवसाचे १२ तास म्हणजे ७२० मिनिटं, त्यात एका विमानाच्या ९ फेऱ्या, चार विमानांच्या ३६. आता थांबा १० मिनिटांवर आण: फेरी ६० मिनिटांची, एका विमानाच्या १२, आणि तीनच विमानांच्या ३६. विमान जास्त वेगानं उडालं नाही, ते कमी वेळ उभं राहिलं. विमान कंपनीला तिकिटाचे पैसे चाकं वर असतानाच मिळतात.

आणि १० मिनिटांत करायचं काय काय? प्रवासी उतरवणं, सामान काढणं, नवं सामान चढवणं, केबिन आवरणं, वजनाचे कागद पुरे करणं, नवे प्रवासी बसवणं. ही कामं एकापाठोपाठ केली तर अर्धा तास कुठेच गेला नाही. ती एकाच वेळी चालायला हवीत, आणि तसं झालं की सगळ्यांत सावकाश चालणारं काम बाकीच्यांचा वेळ ठरवतं. बहुतेक वेळा ते काम म्हणजे माणसं बसवणं: एकजण मार्गिकेत उभा राहून आपला आसनक्रमांक शोधतो आणि मागे वीस जण खोळंबतात. साउथवेस्टनं आसनक्रमांकच दिले नाहीत, मिळेल तिथे बसा. बस स्टँडसारखं वाटतं ना? त्यामुळे तक्रारीही झाल्या, पण मार्गिका मोकळी राहिली. इथे तू ‘म्यूज यांनी ही पद्धत शोधून काढली’ असं लिहिलंस. निर्णय त्यांच्या कारकिर्दीतला, पण दहा मिनिटांची ही पद्धत प्रत्यक्ष बसवून दाखवली जमिनीवरच्या कामाचे प्रमुख बिल फ्रँकलिन यांनी. त्यांचं नाव घाल. आदरांजली वाहताना दुसऱ्याचं श्रेय त्यात ओढलं की ती खोटी पडते.

फेब्रुवारी १९७३ मध्ये ब्रॅनिफ या प्रतिस्पर्धी विमान कंपनीनं डॅलस–ह्यूस्टनचं २६ डॉलरचं भाडं १३ वर आणलं. साउथवेस्टची कमाई त्याच मार्गावर होती. म्यूज यांनी प्रवाशालाच निवडायला सांगितलं: १३ द्या, किंवा २६ द्या आणि मद्याची बाटली घरी न्या. मद्य नको असेल त्याला बर्फाची बादली. कामानिमित्त फिरणाऱ्यांचं तिकीट त्यांच्या कंपनीच्या खर्चात जायचं, त्यांनी खुशीनं २६ दिले. त्याच वर्षी साउथवेस्टला पहिल्यांदा नफा झाला. ‘गेलेल्या माणसाच्या लेखात दारू कशाला’ असं आजी म्हणेल. ठेव. तो त्यांचा धंद्यातला निर्णय होता.

‘मरणान्तानि वैराणि’ असं आपल्याकडे म्हणतात, मेल्यावर वैर संपतं. त्याचा अर्थ वैर झालंच नाही असं लिहावं, असा नव्हे. १९७८ मध्ये संचालक मंडळाशी बिनसून ते बाहेर पडले. एवढं एक वाक्य, विशेषणाशिवाय. मग १९८१ मध्ये मुलगा मायकल यांच्याबरोबर त्यांनी म्यूज एअर काढली. १९८५ मध्ये ती साउथवेस्टनंच विकत घेतली, नाव बदलून ट्रान्सस्टार केलं आणि १९८७ मध्ये बंद केली.

म्यूज एअरच्या विमानांत पहिल्या दिवसापासून सिगारेट ओढायला बंदी होती. अमेरिकेत दोन तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणांवर सरकारी बंदी आली ती १९८८ मध्ये, म्हणजे हे सात वर्षं आधीचं. ही गोष्ट लेखात हवीच. पण तू ती फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या वाक्याला चिकटवून वर ‘नियतीचा क्रूर विनोद’ असं लिहिलंस. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, शेजारी ठेवल्या की तिसरीच सुचवली जाते, आणि तिला पुरावा नाही. मध्ये दोन परिच्छेदांचं अंतर ठेव.

शेवटची ओळ ‘भावपुर्ण श्रध्दांजली’. शुद्धलेखन: भावपूर्ण, पू दीर्घ, श्रद्धांजली, द ला ध, ध ला द नव्हे. पण शब्दच बदल. श्रद्धांजली नुकत्याच गेलेल्याला, ज्याच्या जाण्यानं आपल्याला काही झालं त्याला. न भेटलेल्या आणि जाऊन बरीच वर्षं झालेल्या माणसाला आदरांजली. आणि ५ फेब्रुवारीला ‘स्मृतिदिन’ म्हण. पुण्यतिथीत तिथी आहे, ती पंचांगानं बदलते. तारखेलाही लोक तोच शब्द वापरतात, पण तुला दुसरा सोपा मिळतोय. ४ जूनची जयंती. गेलेल्याला ‘वाढदिवस’ नसतो.

फोटोवर तू चिकटवलेला झेंडूचा हार काढ. हार शोकसभेतल्या किंवा घरातल्या फोटोला असतो. मराठी मंडळात तू हे वाचणार आहेस ती शोकसभा नाही, त्यामुळे लोकांनी टाळ्या वाजवल्या तर गोंधळू नकोस.

दुरुस्त करून आधी मला पाठव, मग आजीला. शनिवारपर्यंत जमेल का ते कळव.

तुझी,
आई