किचन चिमणी किती उंचीवर लावावी? पाइप बाहेर न काढता चालते का?

तुमचा प्रश्न तीन ओळींचा आहे. चिमणी किती उंचीवर हवी, सोसायटी भिंतीला भोक पाडू देत नाही तर पाइपविना चालेल का, आणि ऑटोक्लीनला जास्तीचे पैसे मोजावेत का. पण खाली तुम्ही एक वाक्य जोडलंय : 'मोठे भाऊ म्हणतात, जेवढी खाली तेवढी चांगली ओढते.' ते वाचलं आणि भाजी निवडायची टाकून लिहायला बसले.

हेच वाक्य आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, 2018 च्या दिवाळीत आमच्या धुळ्याच्या स्वयंपाकघरात उभं राहून म्हटलं होतं. भाऊजी इंजिनिअर आहेत, पुण्याला असतात. सुट्टीला येताना चिमणी घेऊनच आले. घरी आलेल्या वस्तूला नाही कसं म्हणणार? शिवाय मला हवीच होती. माझं माहेर नंदुरबारचं. लाल मिरचीच्या पथाऱ्यांशेजारी वाढलेली मुलगी मी, तरी काळ्या मसाल्याचं खोबरं-कांदा-मिरची भाजायच्या दिवशी अख्खं घर खोकत अंगणात जाऊन बसायचं आणि मी एकटी आत. शेवभाजीची फोडणी रोज नसली तरी आठवड्यातून दोनदा असते. वरच्या कपाटांवर बोट फिरवलं तर चिकट मध लागल्यासारखं व्हायचं.

पाइप बाहेर काढायचा म्हणजे मागच्या भिंतीला सहा इंचांचं भोक. सासऱ्यांनी, नानांनी, एकच वाक्य टाकलं, "भीत फोडानी नई." घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं, त्यामुळे पुढे बोलणं नाही. भाऊजी म्हणाले, काही बिघडत नाही, ही कोळशाच्या फिल्टरवर पण चालते, धूर आत घेते आणि स्वच्छ हवा परत खोलीत सोडते. आणि पाइप नाही म्हणून ओढ कमी पडायला नको, तर जरा खाली घेऊ. शेगडीपासून अठरा इंच. बसवायला आलेला मुलगा म्हणत होता की पुस्तिकेत 65 सेंटिमीटर लिहिलंय. भाऊजींनी त्याला गप्प केलं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच देऊन टाकते. पाइपविना चिमणी म्हणजे महागडा पंखा. कोळशाचा फिल्टर वास धरतो, थोडाफार. तेलाचे कण त्याच्या आधीच्या जाळीत अडकतात. पण गॅस जळताना निघणारी गरमी, वाफ आणि वायू कुठे जातात? कुठेच नाही, तुमच्याच डोक्यावर परत येतात. धुळ्याच्या मे महिन्यात ती हवा कपाळावर घेऊन भाकरी थापून बघा. वर तो कोळसा धुता येत नाही, बदलावाच लागतो, आणि आमच्यासारखी फोडणी असेल तर काही महिन्यांत त्याचं काम संपतं. दुकानदार हा खर्च सांगत नाही. सोसायटीशी भांडा. खिडकीच्या वरच्या तावदानाची काच काढून तिथे पत्रा बसवा आणि त्यातून पाइप काढा, भिंतीला हात लागत नाही. तेही जमत नसेल तर खिडकीत साधा एक्झॉस्ट फॅन लावा, पाइपविना चिमणीपेक्षा तो परवडला.

तर 2019 ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. धाकट्या-थोरल्या दोन्ही नणंदा माहेराला आलेल्या, पोरं झोक्यावर, भाऊजी सहकुटुंब हजर. परसात चुलीवर खापर चढलेलं, जिजी, म्हणजे सासूबाई, मांडे करत होत्या. आत मी तळणावर. कुरडया, पापड, सांजोऱ्या. मोठा बर्नर पूर्ण उघडा, कारण पितरांना नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी जेवणार नाही आणि दीड वाजलेला. कढईतल्या तेलातून धूर निघायला लागला होता, मला दिसत होता, पण थोरल्या नणंदेने काही तरी विचारलं म्हणून मी वळले. वळून परत बघते तर कढईवर जाळ. मोठा नव्हता, हातभर असेल. पण अठरा इंचांवर काय होतं? तेलाने माखलेली जाळी. तिने तो जाळ वर ओढून घेतला. पंखा चालूच होता ना, भात्यासारखा.

माझ्या वडिलांची नंदुरबारला भज्यांची गाडी होती. कढई पेटली तर काय करायचं हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. खालचा गॅस बंद केला, बाजूची पितळी परात कढईवर सरकवली. कढईतला जाळ विझला. पण चिमणीचं बटण चिमणीवरच, म्हणजे जाळाच्या पलीकडे, आणि प्लग तिच्याही वर. हात कुठून घालणार? मी ओरडले, मेन बंद करा! नाना धावले मीटरकडे, या वयात, धोतर सावरत.

आणि त्याच वेळी आमचे इंजिनिअर भाऊजी देवघरापुढची आखाजीची घागर उचलून दारात उभे. भरलेली. वरचा आंबा खाली गडगडलेला.

पेटत्या तेलावर पाणी म्हणजे काय हे सांगायची गरज नसावी, पण सांगते, कारण शिकलेली माणसं विसरतात. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं, क्षणात वाफ होतं, आणि पाण्याची वाफ झाली की ती साधारण सतराशे पट जागा मागते. ती पेटतं तेल घेऊनच वर उडते. त्या खोलीत दोन नणंदा आणि चार वर्षांची भाची होती. मी भाऊजींच्या हाताला धरून त्यांना मागे ढकललं. नव्या साडीवर निम्मी घागर सांडली. नाना मेन बंद करून आले तोवर पंखा थांबला होता, जाळीतलं तेल दोन-तीन मिनिटं जळलं आणि संपलं. कपाटाचं एक दार कोळसा झालं, छत काळं. कुणाला भाजलं नाही. नैवेद्य साडेतीनला दाखवला.

भाऊजी आजही म्हणतात की ते घागर 'बाजूला ठेवत होते'.

उंचीचं उत्तर यात आलं. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत 65 ते 75 सेंटिमीटर असतं, म्हणजे सव्वीस ते तीस इंच, आणि ते शेगडीच्या वरच्या काठापासून मोजायचं, ओट्यापासून नाही. तुमच्या मॉडेलचं पुस्तक वेगळं सांगत असेल तर पुस्तकाचं ऐका, माझं नको आणि मोठ्या भावाचं तर अजिबात नको. रुंदी शेगडीइतकी तरी हवीच.

आगीनंतर भोक पडलं. नानांनी स्वतः कोअर कटिंगवाल्याला बोलावलं, एक शब्द न बोलता. नवी चिमणी मी देवपुरातल्या दुकानातून निवडली. दुकानदार ओढ किती हे तासाला किती घनमीटर असं सांगतात, बाराशे, चौदाशे. मी कागदावर मांडून बघितलं : आमचं स्वयंपाकघर दहा बाय आठ, उंची दहा फूट, म्हणजे 800 घनफूट, साडेबावीस घनमीटरच्या आसपास. तासाला पंधरा वेळा सगळी हवा बदलायची म्हटली तरी साडेतीनशेच्या आत भागतं. बाराशेचा आकडा खोक्यावरचा, पाइप न जोडता मोजलेला. पाइपला तीन वळणं दिली की त्यातला बराचसा हवेतच राहतो. म्हणून आकड्यावर पैसे घालू नका, पाइपवर घाला. सहाच इंची, मध्ये कुठेही चार इंची करू नका. आखूड, सरळ, शक्यतो एकच वळण, बाहेरच्या बाजूला किंचित उतार, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. चुण्यांचा अॅल्युमिनियमचा पाइप असेल तर पूर्ण ताणून लावा, चुण्यांत तेल साठतं. ड्रेनेजचा पीव्हीसी पाइप लावून देणारे खूप आहेत. आमच्या आखाजीला तो असता तर वितळून गेला असता. पत्र्याचा घ्या.

बाहेरच्या तोंडाला झडप हवी, पंखा चालू झाला की उघडणारी आणि बंद झाला की पडणारी. आमची पहिली झडप अडकून राहायची, तर पंधरा दिवसांत खऱ्या चिमण्यांनी आत घरटं केलं. जिजींना भारी गंमत वाटली, चिमणीत चिमणी. पिल्लं उडेपर्यंत आम्ही ती चालवली नाही. बारीक जाळी मात्र लावू नका, तेलाने चोंदते.

वायरिंगचं थोडक्यात. तीन पिनांचा प्लग, अर्थिंग खरं असलेलं (तपासून घ्या, आमच्या जुन्या घरात अर्थिंगची वायर नुसती लोंबत होती), आणि बटण शेगडीच्या बाजूला, हात जाळावरून न नेता पोचेल असं. आमचं आता दाराजवळ आहे. तिथेच पावडरचा छोटा अग्निशामकही टांगलाय. शेगडीला चिकटून ठेवला तर गरजेला हात पोचत नाही.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. चिमणी हवा बाहेर फेकते, तेवढी कुठून तरी आत यायला हवी. सगळी दारं-खिडक्या बंद असतील तर ती नुसती गुरगुरते. आमच्याकडे परसदार उघडं राहिलं आणि जिजींनी भरताची वांगी भाजायला चूल पेटवली की बाहेरचा धूर आत खेचला जायचा. जिजी म्हणायच्या, "हाई चिमणी धूर भायेर काढस का घरमा आनस?" चूक नव्हतं त्यांचं. हसण्यावारी नेण्यासारखं मात्र नाही, कारण चुलीऐवजी गॅस गीझर असेल तर त्याचा जळका वायूही असाच आत ओढला जाऊ शकतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गीझर घरात असेल तर चिमणी चालू असताना खिडकी उघडी ठेवा, थंडीतसुद्धा. आणि गॅस गळल्याचा वास आला तर 'चिमणी लावून घालवू' असं कधीच करू नका. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत बसतो, चिमणीला तो सापडतही नाही, पण बटणाची ठिणगी त्याला सापडते. कुठल्याच बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडी, बाहेर जायचं आणि 1906 ला, म्हणजे गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, फोन.

राहिलं ऑटोक्लीन. त्यात आत तापणारी तार असते, ती तेल वितळवते आणि ते खालच्या वाटीत गळतं. वाटी कोण रिकामी करणार? तुम्हीच. पाइप आणि झडप त्यातून साफ होत नाहीत. पैसे असतील तर घ्या, पण 'आता धुवायला नको' या समजुतीने घेऊ नका. माझी साधी, स्टीलच्या पट्ट्यांच्या फिल्टरची आहे. तीन आठवड्यांनी गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, पूर्ण वाळवून परत. फिल्टर काढलेला असताना चिमणी लावायची नाही, तेल थेट मोटरवर बसतं.

आता कबूल करायचं ते करते, नाही तर भाऊजी खाली येऊन लिहितील. त्या पहिल्या चिमणीची जाळी मी संक्रांतीच्या सुमारास धुण्याच्या सोड्यात भिजत घातली होती. अॅल्युमिनियमची होती, काळी पडली. (सोडा, आणि त्याहून वाईट कॉस्टिक, अॅल्युमिनियमला चालत नाही, तेव्हा माहीत नव्हतं.) ती बिघडली म्हणून घाबरून मी पुढे धुतलीच नाही. मधल्या जवळजवळ चार महिन्यांत वर्षाचा मसाला भाजला, धुलवडीला भजी झाली, रोजच्या फोडण्या होत्याच. म्हणजे जाळीतलं तेल माझं, आणि धूर दिसत असताना मान वळवली तीही मीच. भाऊजी प्रत्येक लग्नात, प्रत्येक जेवणावळीत एवढंच सांगतात : 'वहिनी धुवत नव्हत्या म्हणून पेटली.' अठरा इंचांचं नाव नाही. धुतलेली जाळीसुद्धा अठरा इंचांवर हातभर जाळाच्या तोंडातच होती, हे त्यांच्या इंजिनिअरिंगमध्ये बसत नाही. आणि ती जाळी कुठल्या खटक्याने निघते हे त्या घरातल्या सात माणसांपैकी किती जणांना माहीत होतं, हेही कुणी विचारत नाही. तुमचे मोठे भाऊ उंची ठरवणार असतील तर पहिल्या महिन्यात फिल्टर त्यांच्याकडूनच धुवून घ्या.

भाऊजी यंदाही आखाजीला येणार आहेत. नवी चिमणी शेगडीपासून अठ्ठावीस इंचांवर आहे. मोजायची टेप स्वयंपाकघराच्या दारामागे, अग्निशामकाशेजारी टांगून ठेवलीय.