वास घालवायला ३४ हजार कशाला?

प्रश्न थोडक्यात : वाघोलीच्या एका ताईंचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन सात वर्षांचं आहे. कपड्यांना कुबट वास येतो, पांढऱ्या कपड्यांवर काळे कण दिसतात. मेकॅनिक ७,००० रुपयांत दोन वर्षांची एएमसी (देखभालीचा करार) घ्या म्हणतो. दुकानदार ३४,००० चं नवं मशीन, त्यातून जुन्याचे ३,००० वजा करून, ‘नो कॉस्ट’ ईएमआयवर द्यायला तयार आहे. सोसायटीत पाणी टँकरचं.

ताई, आत्ता यातलं काहीच करू नका. मशीन पाणी घेतंय, सोडतंय, फिरतंय. हा बिघाड नाही, साचलेला मळ आहे. नवं आणलंत तरी पाणी तेच आणि पावडर टाकणारा हातही तोच. थोड्या महिन्यांत त्यालाही हाच वास येईल.

आधी दोन-तीनशे रुपये घालवा. दारावरच्या रबराची खालची घडी उलटून पाहा. केस, पिना, काळी बुरशी, सगळं तिथे सापडेल (आमच्याकडे एकदा दहाचं नाणं निघालं, ती वर्षातली सगळ्यात खात्रीची कमाई). ते फडक्याने पुसा. पुढच्या झाकणामागचा फिल्टर काढण्याआधी खाली ताट ठेवा, पाणी येतंच. मागे नळाच्या पाइपच्या तोंडाशी जाळी असते, टँकरचा गाळ तिथे अडकतो. मग डिस्केलिंग (क्षार काढणारी) पावडर टाकून रिकामं मशीन गरम पाण्यावर चालवा. त्यात ब्लीच मात्र कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. पुढे महिन्यातून एकदा हेच करा, धुण्याची पावडर मोजून टाका आणि धुणं झाल्यावर दार किलकिलं ठेवा.

आता पैशांचं. एएमसी घेण्याआधी कागद वाचा. रबर आणि प्लास्टिकचे भाग बऱ्याचदा वगळलेले असतात, आणि नेमके तेच खराब होतात. शिवाय जो खर्च घर न हलता सोसता येतो, त्याचा विमा काढायचा नसतो. ‘नो कॉस्ट’मध्येही बँक व्याज लावतेच. दुकानदार तेवढी सूट देतो, पण प्रोसेसिंग फी, आणि क्रेडिट कार्डवर घेतलंत तर व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, तुमच्याच माथी. रोखीने घेतल्यास किती कमी कराल, हे विचारून बघा, खरी किंमत तेव्हा कळते.

ते ७,००० बाजूला ठेवा, लागले तर दुरुस्तीला. सोबत महिना १,००० ची आरडी (दरमहा भरायची बँक ठेव) सुरू करा. दुरुस्ती लागली नाही तर दोन वर्षांत ते ७,००० धरून, व्याज सोडून ३१,००० होतात, जुन्याचे ३,००० मिळाले की मशीन बिनकर्जाचं.

स्पिनला गडगड आवाज येऊ लागला तर गोष्ट वेगळी. तो बेअरिंगचा आवाज, त्यासाठी अख्खा टब उघडावा लागतो. सात वर्षांच्या मशीनवर मी तो खर्च करणार नाही. आरडी मोडेन आणि नवं आणेन.