अट घाला, नमुना दाखवू नका

मुलांच्या कल्पकतेला वाव देणाऱ्या अध्यापनाविषयी कोल्हापूर परिसरातल्या शिक्षक-पालकांनी विचारलेल्या चार प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न : सहावीच्या मुलांना ‘मनाला येईल ते काढा’ म्हटलं की निम्म्याहून जास्त वर्ग दोन डोंगर, मधे सूर्य, झोपडी आणि नागमोडी नदी काढतो. पूर्ण मोकळीक देऊनही असं का होतं?
— शिक्षिका, करवीर तालुका

मोकळीक दिली म्हणूनच होतं. काहीच अट नसली की हात सवयीच्या वाटेनं जातो, आणि ते डोंगर मुलांनी बालवाडीपासून गिरवलेले असतात. ती वाट बंद करणारी एकच अट घाला. उदाहरणार्थ : ‘रंकाळ्यावरची संध्याकाळ काढा. चित्रात एकही माणूस नको, पण माणसं आत्ताच उठून गेलीत हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे.’ आता मुलाला आठवावं लागतं, निरखावं लागतं. भेळेचा चुरगळलेला कागद, कठड्यावर राहिलेली पाण्याची बाटली, चाकाचा ओला माग अशा गोष्टी कागदावर येऊ लागतात. मात्र यातलं एकही उदाहरण तुम्ही आधी सांगायचं नाही. फळ्यावर एक भेळेचा कागद काढलात की वर्गभर भेळेचे कागद उडतील. ‘कशासारखं काढू?’ असं मूल विचारेल तेव्हा ‘तू शेवटचा गेलास तेव्हा काय दिसलं होतं?’ असा उलट प्रश्न करा आणि पुढच्या बाकाकडे वळा.

अटी एका वेळी एक, फार तर दोन. चार अटी घातल्या की मुलं त्या पाळण्यातच अडकतात आणि चित्र बाजूला राहतं.

प्रश्न : ‘कल्पना सुचवा’ म्हटलं की तीच चार-पाच मुलं हात वर करतात. बाकीच्यांना बोलतं कसं करायचं?
— शिक्षक, कागल

आधी स्वतःचं थांबणं वाढवा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांचा अभ्यास केला, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही पुढे येतात. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात, म्हणून मनात आकडे मोजा.

दुसरं, बोलण्याआधी लिहू द्या. सगळ्यांनी एकत्र बसून कल्पना सुचवायची पद्धत लोकप्रिय आहे, पण येल विद्यापीठातल्या १९५८ च्या प्रयोगात वेगळं चित्र दिसलं. एकेकट्यानं विचार केलेल्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्या, तर त्या एकत्र बसून बोलणाऱ्या चौघांपेक्षा जास्त भरल्या. गटात एकजण बोलत असतो तोवर बाकीचे थांबतात, थांबता थांबता स्वतःचं विसरतात किंवा लाजून गिळून टाकतात. म्हणून प्रत्येकाला एक पाठकोरा कागद द्या. चार मिनिटं पूर्ण शांतता आणि किमान सहा कल्पना. पहिल्या दोन-तीन बहुतेक सगळ्यांच्या सारख्याच येतात, म्हणून सहाचा आग्रह. मग चौघा-चौघांत कागद फिरवा, नावाशिवाय. ‘हे जमणार नाही’ हे वाक्य त्या दिवशी कुणीच म्हणायचं नाही, शिक्षकांनीसुद्धा. निवड दुसऱ्या दिवशी करा.

प्रश्न : अभ्यासक्रम संपवायचा की उपक्रम करायचे? विज्ञान-भूगोलात हे बसतं का?
— मुख्याध्यापक, पन्हाळा तालुका

बसतं. त्यासाठी वेगळा तास काढायची गरज नाही, असलेला धडाच प्रश्नातून शिकवायचा. आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळ्यात पेपरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज छापून येते, ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे मुलांना पाठ असतं. पण बंधारा चालतो कसा, हे बहुतेकांनी कधी पाहिलेलं नसतं.

दोन जोडतास आणि पाच-पाच मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला एक उथळ प्लास्टिकचा ट्रे, तेलकट खेळण्याची क्ले, आईस्क्रीमच्या वीस-पंचवीस काड्या, मूठभर काळी माती, कापडाची चिंधी आणि एक लिटर पाणी द्या. क्लेचे तीन खांब ट्रेच्या आडवे एका ओळीत चिकटवायचे. दोन खांबांतलं अंतर काडीपेक्षा एक सेंटिमीटर कमी, म्हणजे काडीची दोन्ही टोकं खाचेत बसतात. कडेचे खांब ट्रेच्या भिंतीला घट्ट टेकले पाहिजेत. खाचा काडीनंच दाबून पाडा. या काड्या म्हणजे आपले बरगे, बंधाऱ्याच्या खांबांमधे बसवायच्या आणि काढता येणाऱ्या फळ्या. शाडूचे खांब करू नका : वाळलेला शाडू पाण्यात विरघळतो आणि दहा मिनिटांत बंधारा खाली बसतो.

आता अटी. एक : वरच्या बाजूला ओतलेलं निम्म्याहून जास्त पाणी दहा मिनिटं अडून राहिलं पाहिजे. दोन : ‘पूर आला’ म्हटलं की तीस सेकंदांत सगळे बरगे निघाले पाहिजेत. पहिली अट ऐकताच मुलं डिंक, चिकटपट्टी मागतात. दुसरी ऐकली की ते हात मागे घेतात, आणि खरा विचार तिथून सुरू होतो. काड्यांच्या फटींतून पाणी गळतं, खालची काडी तरंगून वर येते, मधला खांब कलतो. प्रत्येक अडचणीला गटागणिक वेगळा उपाय निघतो. कुणी चिंधी कोंबतं, कुणी काडीवर क्लेचा गोळा ठेवतं. एखादा गट आपण होऊन काड्यांची दुसरी रांग लावून मधे माती भरतो. नेमकं हेच आपल्या बंधाऱ्यांत होत आलं आहे : बरग्यांच्या दोन रांगा आणि मधे माती, पावसाळ्याआधी काढायच्या, पाऊस ओसरला की पुन्हा घालायच्या. ही माहिती दुसऱ्या तासाच्या शेवटी सांगा, आधी नको. आधी सांगितली की सगळे गट एकच बंधारा बांधतात आणि वर्गाचं काम नकलेवर येतं.

गडबड हमखास एका ठिकाणी होते. वेळ संपत आली की शिक्षक स्वतः काडी हातात घेऊन ‘हे असं’ दाखवतात. हात मागे बांधून उभे राहा. एखाद्या गटाचा बंधारा फुटला, तर ‘पाणी आधी कुठून गेलं?’ एवढंच विचारा आणि त्यांना कच्ची आकृती काढायला लावा.

प्रश्न : अशा कामाला गुण कसे द्यायचे? न द्यावेत तर पालक विचारतात.
— शिक्षिका, इचलकरंजी

पहिल्या प्रयत्नाला देऊ नका, फक्त शेरा लिहा. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं. शेऱ्याबरोबर गुणही दिले, तेव्हा तो फायदा दिसला नाही. मुलं आकडा बघतात आणि वही मिटतात. शेरा ‘छान’ असा नको. ‘दोन रांगांच्या मधे माती भरलीस तेव्हा गळती कमी झाली, आता खांबाच्या बुडातली गळती कशी थांबवशील?’ असा लिहा. नोंदवहीसाठी गुण लागतातच, तर दुसऱ्या प्रयत्नाला द्या, दहापैकी असे : किती वेगवेगळे उपाय करून पाहिले याला चार, पहिल्या प्रयत्नानंतर काय बदललं आणि का, याला चार, आणि नीटनेटकेपणाला दोन. बंधारा शेवटी टिकला का, याला गुण ठेवू नका. नाहीतर पुढच्या वेळी सगळे गट पहिल्याच दिवशी हुशार गटाच्या ट्रेकडे बघत बसतील. पालकांना निकालपत्रासोबत दोन्ही प्रयत्नांची आकृती द्या.